उजनीच्या जलाशयात मासेमारीचा प्रारंभ आणि धरलेल्या मासळीची निगा

भीमा नदीवरील उजनी धरणाचे काम १९६९ साली हाती घेण्यात आले व १९८० साली ते पुरे झाले. या धरणामुळे सोलापूर जिल्ह्यातील माढा व करमाळा, पुणे जिल्ह्यातील इंदापूर व दौंड आणि अहिल्यानगर जिल्ह्यातील कर्जत या तालुक्यांच्या हद्दीत ‘यशवंतसागर’ नावाने ओळखला जाणारा विस्तीर्ण जलाशय निर्माण झाला. त्याची एकूण साठवणशक्ती सुमारे ११७ अब्ज घनफूट असून तीपैकी निम्म्याहून अधिक भाग मृतसाठ्याचा आहे. कालव्याच्या दृष्टीने या पाण्यास मृत म्हणतात. परंतु मत्स्यव्यवसायाच्या दृष्टीने तेच सर्वांत जिवंत पाणी होय. कडक उन्हाळ्यात भोवतालचे तलाव आटले तरी हे पाणी राहते आणि त्याच्या आश्रयाने मासळीही राहते.

जलाशयाच्या काठी पिढीजात मच्छीमारांबरोबर अनेक शेतकरी कुटुंबेही मासेमारीकडे वळलेली दिसतात. धरणाखाली जमीन गेलेल्या किंवा पावसाच्या लहरीवर अवलंबून असलेल्या कुटुंबास हा एक चांगला जोडधंदा आहे. मात्र नवख्या माणसाचे सारे लक्ष मासा धरण्याकडे असते. धरलेल्या माशाकडे नसते. पहाटे धरलेली उत्तम मासळी उघड्या टोपलीत उन्हात पडून राहते व बाजारात पोहोचेपर्यंत तिचे मोल निम्म्यावर येते. पीक शेतात चांगले यावे आणि खळ्यावर सडावे, तसाच हा प्रकार होय. म्हणून या लेखात मासेमारीस प्रारंभ कसा करावा हे थोडक्यात, आणि धरलेल्या मासळीची निगा कशी राखावी हे विस्ताराने सांगण्याचे योजिले आहे. एकरुख, आष्टी, मांगी यांसारख्या जिल्ह्यातील इतर तलावांवर मासेमारी करणाऱ्यांसही ही माहिती उपयोगी पडेल.

प्रारंभापूर्वी चौकशी

सार्वजनिक जलाशयातील मासा हा कोणाही येणाऱ्याने धरावयाचा माल नव्हे. प्रत्येक जलाशयातील मासेमारीचा हक्क ठरलेला असतो. कोठे तो मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतो, तर कोठे व्यक्तिगत परवाने दिले जातात. म्हणून जाळे विकत घेण्यापूर्वी सोलापूर येथील मत्स्यव्यवसाय विभागाच्या कार्यालयात जाऊन आपल्या जलाशयास कोणता नियम लागू आहे, परवाना कोण देतो, शुल्क किती, आणि कोणत्या महिन्यांत मासेमारी बंद असते याची माहिती घ्यावी. हौसेखातर गळ टाकणाऱ्यानेही परवानगी घेणे इष्ट आहे. गावाजवळ सहकारी संस्था असल्यास तिचे सभासद व्हावे. बर्फ, वाहन व विक्री या तिन्ही गोष्टी एकट्यापेक्षा संस्थेस स्वस्त पडतात.

मासा कोठे राहतो

ज्याप्रमाणे जमीन ओळखल्यावाचून पीक घेता येत नाही, त्याप्रमाणे माशाच्या सवयी ओळखल्यावाचून मासेमारी साधत नाही. कटला हा मोठ्या डोक्याचा, वर वळलेल्या तोंडाचा मासा पाण्याच्या वरच्या थरात चरतो. रोहू मधल्या थरात वावरतो, तर मृगळ तळाशी राहून गाळातील अन्न खातो. मरळ व वाम हे मांसाहारी मासे काठच्या गवतात, कपारीत व उथळ, शांत पाण्यात आढळतात. चिलापी हा मूळचा आफ्रिकेतील मासा. भारतात त्याचा प्रवेश १९५२ साली झाला. आज उजनीच्या जलाशयात तो विपुल सापडतो व भिगवणच्या बाजारात त्याची मोठी आवक होते.

कटला, रोहू व मृगळ हे साधारणपणे दुसऱ्या किंवा तिसऱ्या वर्षी अंडी देण्यायोग्य होतात. ते साचलेल्या पाण्यात वीत नाहीत; पावसाळ्यात नदीस पूर आल्यावर वाहत्या पाण्यात त्यांची वीण होते. याच कारणास्तव पूर्वी त्यांचे बीज नद्यांतून गोळा करावे लागे. १० जुलै १९५७ रोजी डॉ. हिरालाल चौधरी यांनी ओरिसात संप्रेरकाचे इंजेक्शन देऊन बंदिस्त पाण्यात या माशांची वीण घडवून आणली, तेव्हापासून बीजाची चणचण दूर होऊ लागली. आता तलावांत सोडली जाणारी बोटुकली याच पद्धतीने तयार होतात. पैसा व श्रम खर्चून सोडलेले हे बोटुकले पहिल्याच वर्षी जाळ्यात ओढणे म्हणजे हुरड्यात आलेले सारे पीक कापून टाकण्यासारखे आहे.

साधनांची निवड

नवशिक्याने प्रथम गळ व काठी यांपासून सुरुवात करावी. यास भांडवल थोडे लागते व पाण्याची ओळख होते. बांबूची सरळ, लवचीक काठी, नायलॉनची दोरी, पाण्यावर तरंगणारे पिसाचे किंवा बुचाचे बोंड, शिशाचा लहान तुकडा आणि पोलादी गळ एवढे साहित्य पुरे. रोहू व मृगळ यांस भिजविलेल्या कणकेचा किंवा शेंगदाण्याच्या पेंडीचा गोळा, चिलापीस गांडूळ व मरळीस लहान मासा हे आमिष मानवते. मृगळासाठी आमिष तळाशी, तर रोहूसाठी मधल्या थरात राहील अशा बेताने बोंड बांधावे.

व्यवसाय म्हणून मासेमारी करणाऱ्यास कल्ल्यांत अडकविणारे उभे जाळे अधिक सोयीचे असते. हे जाळे सायंकाळी लावून पहाटे काढण्याचा प्रघात आहे. मासा त्याच्या डोळ्यातून पुढे जाऊ पाहतो, त्याचे डोके आत शिरते व कल्ल्यांपाशी अडकते. त्यामुळे डोळा जेवढा, मासा तेवढा, हे सूत्र ध्यानात ठेवावे. मोठ्या डोळ्याच्या जाळ्यातून लहान मासे सुखरूप निघून जातात. याउलट या भागात ‘वडाप’ म्हणून ओळखली जाणारी बारीक डोळ्यांची ओढजाळी बोटुकल्यांसह सर्व काही ओरबाडून आणतात. एका खेपेस टोपली भरते हे खरे. परंतु पुढील दोन वर्षांची मासळी त्याच टोपलीत असते. सुरुंगाची दारू व विष यांचा वापर तर १८९७ सालच्या भारतीय मत्स्यव्यवसाय कायद्यानेच गुन्हा ठरविला होता. अशा मार्गाने मेलेल्या मासळीचा मोठा भाग तळाशी बुडून कुजतो व पाणीही दूषित होते.

पाण्यावरील दक्षता

जलाशय शांत दिसला तरी त्यावर विश्वास टाकू नये. २१ मे २०२४ रोजी करमाळा तालुक्यातील कुगाव येथून इंदापूर तालुक्यातील कळाशी येथे जाणारी प्रवासी नाव अचानक सुटलेल्या वादळी वाऱ्यात उलटली व सहा जणांना प्राण गमवावे लागले. ही दुर्घटना वळवाच्या दिवसांत घडली हे लक्षात घ्यावे. एप्रिल व मे महिन्यांत दुपार कलल्यानंतर पश्चिमेस किंवा दक्षिणेस काळे ढग दिसताच नाव काठास लावावी. नावेतील प्रत्येकाने जीवरक्षक जाकीट अंगात घालावे. नावेत गुंडाळून ठेवलेले जाकीट बुडणाऱ्याच्या उपयोगी पडत नाही. रबरी नळी किंवा थर्मोकोलचे तराफे घेऊन खोल पाण्यात जाऊ नये. एकट्याने जाऊ नये, व कोणत्या बाजूस जात आहोत हे घरी सांगून निघावे.

मासा का बिघडतो

जिवंत माशाचे मांस निर्जंतुक असते. परंतु त्याची त्वचा, कल्ले व आतडी यांत असंख्य जंतू असतात. मासा मरताच हे जंतू मांसात शिरू लागतात. त्याच वेळी आतड्यांतील पाचकरस पोटाच्या भिंतीवरच आपले काम सुरू करतात, म्हणून माशाचे पोट प्रथम मऊ पडते व फुटते. या दोन्ही क्रिया उष्णतेत झपाट्याने व थंडीत अत्यंत सावकाश चालतात. सोलापूरच्या उन्हाळ्यात, पारा ४० अंशांवर असताना, उघड्यावर ठेवलेला मासा काही तासांत खाण्यास अयोग्य होतो. तोच मासा धरल्याबरोबर बर्फात घालून शून्य अंशाच्या आसपास ठेवल्यास कित्येक दिवस चांगला राहतो. बर्फाने माशाचा ताजेपणा परत येत नाही, जो आहे तो टिकतो. म्हणून दुपारी चार वाजता घातलेल्या बर्फाने सकाळी आठ वाजता झालेले नुकसान भरून निघत नाही.

तडफडून थकलेल्या माशाच्या स्नायूंतील साठलेली शक्ती संपून जाते. तो लवकर ताठरतो आणि लवकर मऊ पडतो. यास्तव जाळे वेळेवर काढावे, रात्रभरापेक्षा अधिक काळ ठेवू नये. उन्हाळ्यात तर जाळ्यातच मेलेला मासा पाण्यातच बिघडू लागतो.

धरल्यापासून काठापर्यंत

१. नावेत मासा आपटू नये, त्यावर पाय देऊ नये व शेपटीस धरून फेकू नये. आतून रक्त साकळलेला भाग प्रथम सडतो.

२. मासा जाळ्यातून काढताना ओढू नये. कल्ले फाटल्यास जंतूंना वाट मिळते.

३. नावेत सावली करावी. बर्फ नसल्यास निदान ओले केलेले स्वच्छ गोणपाट मासळीवर पसरावे व ते सतत ओले ठेवावे. पाण्याची वाफ होताना उष्णता शोषली जाते व मासा हवेपेक्षा काही अंश थंड राहतो. मात्र हा तात्पुरता उपाय आहे, बर्फाचा पर्याय नव्हे.

४. शक्य असल्यास नाव सोडतानाच बर्फाची पेटी बरोबर न्यावी.

५. काठावर आल्यावर मासा स्वच्छ, पिण्यायोग्य पाण्याने धुवावा. काठच्या गढूळ, शेवाळलेल्या पाण्याने धुतल्यास त्यावर नवे जंतू चढतात.

६. मोठ्या माशाचे कल्ले व आतडी काढून पोट स्वच्छ धुवावे. ही घाण पाण्यात न टाकता खड्ड्यात पुरावी. तिचे उत्तम खत होते. लहान मासे साफ करणे परवडत नसल्यास ते तरी सर्वांआधी बर्फात घालावेत.

७. जातवार व आकारवार निवड करावी. एक नासलेला मासा सबंध टोपलीस वास लावतो.

बर्फ किती व कसा

बर्फाचे प्रमाण अंदाजाने ठरवू नये. ३० अंशांवरील एक किलो मासा शून्य अंशापर्यंत थंड करण्यास सुमारे ३०० ग्रॅम बर्फ वितळावा लागतो. याचा अर्थ असा की, १० किलो मासळीस ३ किलो बर्फ केवळ थंड करण्यातच खर्ची पडतो. त्यानंतर पेटीच्या बाजूंनी आत येणाऱ्या उष्णतेस तोंड देण्यास आणखी बर्फ हवा. म्हणून उन्हाळ्यात मासळीच्या वजनाएवढा बर्फ व थंडीत निदान निम्मा बर्फ घ्यावा, हे प्रमाण व्यवहारात योग्य ठरते.

पेटी भरण्याची रीत पुढीलप्रमाणे आहे. तळाशी चार बोटे जाडीचा बारीक फोडलेल्या बर्फाचा थर द्यावा. त्यावर माशांचा एकच थर लावावा; पोट साफ केलेले मासे पोट खाली करून ठेवावेत, म्हणजे पोटात पाणी साचत नाही. मग बर्फ, मग मासे, असे थर देत जावे व शेवटचा थर बर्फाचाच असावा. बर्फाचे मोठे खडे घालू नयेत. त्यांच्या धारांनी मासा चेचतो आणि मधल्या पोकळीत गरम हवा राहते. पेटीची उंची दीड-दोन फुटांपेक्षा अधिक नसावी, अन्यथा तळाचा मासा भाराने दबतो. पेटीच्या तळाशी भोक ठेवावे. वितळणारे पाणी माशावरील रक्त व चिकटा धुऊन खाली उतरते. ते निघून गेले नाही तर तळाचा मासा त्याच घाण पाण्यात भिजत राहतो.

दुहेरी भिंतीची उष्णतारोधक पेटी सर्वांत उत्तम. ती नसल्यास बांबूच्या टोपलीस आतून जाड गोणपाटाचे दुहेरी अस्तर लावून त्यामध्ये भाताचा कोंडा भरावा व आतून स्वच्छ प्लॅस्टिकचा कागद लावावा. पेटी रोज सोड्याने धुऊन उन्हात वाळवावी. फॉर्मलिनसारखे औषध मासळीस लावणे हा खाणाराच्या जिवाशी खेळ असून कायद्यानेही त्यास मनाई आहे.

हिशेब करून पाहू

बर्फाचा खर्च अनेकांस वायफळ वाटतो, म्हणून एक उदाहरण घेऊ. दर स्थळकाळानुसार बदलतील. येथे ते केवळ हिशेबासाठी मानले आहेत. समजा, २० किलो मासळी मिळाली व ताज्या मालास किलोस १५० रुपये भाव आहे. बर्फ न घालता नेल्यास त्यातील ८ किलो मासळी मऊ पडून किलोस ६० रुपयांनी द्यावी लागली, तर १२ किलोचे १,८०० व ८ किलोचे ४८० मिळून २,२८० रुपये येतील. बर्फ घालून सर्व माल ताजा नेल्यास ३,००० रुपये येतील. २० किलो बर्फास किलोमागे ५ रुपयांप्रमाणे १०० रुपये वजा केले, तरी एका खेपेस ६२० रुपये अधिक हाती येतात. अधिक मासा न धरता ही प्राप्ती वाढली, हे विशेष होय.

ग्राहकही मासा पारखतोच. लालभडक कल्ले, चकचकीत व किंचित फुगीर डोळे, घट्ट बसलेले खवले, बोटाने दाबल्यावर पुन्हा वर येणारे मांस व पाण्याचा सौम्य वास ही ताज्या माशाची लक्षणे होत. तपकिरी कल्ले, खोल गेलेले डोळे, सैल पोट व आंबूस वास असलेला मासा विकत घेऊ नये व विकूही नये.

मासा जिवंत ठेवणे व गळाच्या स्पर्धा

मरळीसारखा मासा जिवंत विकल्यास अधिक भाव येतो. तसेच हौशी मंडळी गळाने मासे धरण्याच्या स्पर्धा भरवितात, तेथेही मासा जिवंत राखण्याचा प्रश्न येतो. या बाबतीत अमेरिकेतील अनुभव बोधप्रद आहे. तेथे बास नावाच्या शिकारी माशाच्या गळस्पर्धा रे स्कॉट या गृहस्थांनी १९६७ साली सुरू केल्या. प्रारंभी स्पर्धेतील मासे मरत असत. १९७२ पासून त्यांनी मासा नावेतील पाण्याच्या टाकीत जिवंत ठेवून, वजन करून पुन्हा सरोवरात सोडण्याची प्रथा पाडली. पुढे मेलेल्या माशाबद्दल स्पर्धकाचे वजन कमी धरण्याचा नियम रूढ झाला. बासचा नर घरटे करून अंड्यांची राखण करतो. तो उचलला गेल्यास अंडी उघडी पडतात. आपल्याकडील मरळही आपल्या पिलांची राखण करते, म्हणून पिलांच्या थव्यावर घिरट्या घालणारी मरळ धरू नये.

जिवंत माशाच्या निगेचे नियम थोडे पण कडक आहेत. हात ओले करूनच मासा धरावा. कोरड्या हाताने किंवा फडक्याने त्याच्या अंगावरील बुळबुळीत थर निघून जातो व तेथे रोग शिरतो. कल्ल्यांत बोटे घालू नयेत. मोठा मासा एका हाताने जबड्यास टांगून न धरता दुसऱ्या हाताने पोटाखाली आधार द्यावा. पाण्याबाहेर तो शक्य तितका अल्पकाळ ठेवावा. गळ खोल गिळला असल्यास ओढू नये, दोरी कापावी.

टाकीतील पाणी हा सर्वांत नाजूक भाग होय. २० अंशांच्या पाण्यात दर लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम प्राणवायू विरघळू शकतो, तर ३० अंशांच्या पाण्यात सुमारे साडेसातच. उष्णतेत माशास प्राणवायू अधिक लागतो आणि पाण्यात तो कमी असतो. म्हणून टाकी सावलीत असावी, पाणी वारंवार बदलावे किंवा पंपाने त्यात हवा सोडावी, व गर्दी करू नये. मरळ पाण्यावर येऊन हवाही घेते, त्यामुळे ती थोड्या पाण्यात तग धरते. रोहू-कटल्यास हे साधत नाही. दर लिटर पाण्यास ३ ते ५ ग्रॅम साधे मीठ घातल्यास माशाचा ताण कमी होतो. पाणी एकदम थंड करू नये.

गावात स्पर्धा भरवावयाची असल्यास ती थंडीच्या दिवसांत, सकाळी भरवावी. विणीच्या पावसाळ्यात भरवू नये. वजनाऐवजी ओल्या फळीवर लांबी मोजून मासा तेथल्या तेथे सोडावा. मात्र आफ्रिकन मांगूर हाती लागल्यास पुन्हा पाण्यात सोडू नये. तो देशी मासे फस्त करतो व त्याच्या पालनास देशात बंदी आहे. परदेशी मासे हौसेने आणून जलाशयात सोडण्याचा विचारही करू नये. हौशी मासेमारास साजेसा महासीर आपल्याच नद्यांत आहे; लोणावळ्याजवळ टाटा वीज कंपनीने १९७० च्या दशकापासून त्याची पैदास करून बोटुकली निरनिराळ्या राज्यांत पाठविली आहेत.

उरलेली मासळी

ज्या दिवशी आवक अधिक व भाव कमी, त्या दिवशी लहान मासळी खारवून वाळवावी. मासे साफ करून उभे चिरावेत, धुऊन निथळवावेत, चार भाग माशास एक भाग मीठ चोळून स्वच्छ भांड्यात एक दिवस दाबून ठेवावेत, मग पुन्हा झटपट धुऊन जमिनीपासून उंच बांधलेल्या जाळीवर दोन-तीन दिवस वाळवावेत. जमिनीवर, वाळूत वाळविलेली मासळी कचकचते व माशांच्या अळ्या पडून खराब होते.

ग्रामपातळीवरील कार्यकर्त्यांसाठी

कार्यकर्त्यांनी पुढील कामे हाती घ्यावीत. गावातील मासेमारी करणाऱ्या कुटुंबांची यादी करून त्यांच्याकडे परवाना, जीवरक्षक जाकीट व बर्फाची पेटी आहे की नाही याची नोंद ठेवावी. एका बाजाराच्या दिवशी निम्मी मासळी बर्फात व निम्मी उघडी ठेवून सायंकाळी ती लोकांपुढे मांडावी; शंभर भाषणांपेक्षा हे एक प्रात्यक्षिक अधिक पटते. २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेत नावा, जाळी, उष्णतारोधक पेट्या व पेटी बसविलेल्या दुचाकी यांसाठी सर्वसाधारण लाभार्थ्यांस ४० टक्के व अनुसूचित जाती-जमाती आणि महिलांस ६० टक्के अर्थसाह्य ठेवण्यात आले. चालू वर्षी कोणत्या बाबींस साह्य उपलब्ध आहे हे मत्स्यव्यवसाय कार्यालयात विचारून गावास कळवावे.

बाजारात मासळी घेऊन बसणाऱ्या बहुतेक महिला असतात. साफसफाई, निवड व बर्फाचा वापर यांचे शिक्षण त्यांस अवश्य द्यावे, कारण नावेवर राखलेला ताजेपणा विक्रीच्या पाटीवर गमावला तर सारे श्रम वाया जातात. जाळ्याचा डोळा मोठा ठेवणारा, विणीचे दिवस पाळणारा व धरलेला प्रत्येक मासा बर्फात घालणारा मच्छीमार थोडी मासळी धरूनही अधिक मिळवितो, आणि पुढील वर्षासाठी जलाशयात मासे शिल्लक ठेवतो.